धुतलेली खडीही पाणी का पिते?

प्रश्न: जुनी इमारत पाडून निघालेल्या काँक्रीटची खडी आम्ही विक्रोळीच्या साइटवर पीसीसीत (सळईविना साध्या काँक्रीटमध्ये) वापरतो. अर्ध्या तासात माल घट्ट होतो, क्यूबचे (मजबुती तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे) निकाल वरखाली येतात. खडी धुवून घेतली तर भागेल का?

उत्तर: धुतल्याने धूळ-माती निघेल, ते कराच. पण पाणी पितो तो खडीला चिकटलेला जुना सिमेंट-वाळूचा मसाला. एक तुकडा वाळवून बघा: काळा बसाल्ट आणि त्यावरचा राखाडी थर वेगळे ओळखू येतात. दोन्हींवर पाण्याचा थेंब टाका. दगडावर तो तसाच राहतो, थरात बघता बघता जिरतो.

समजा खडीचे जलशोषण 6 टक्के आहे आणि तिच्यात ओल 2 टक्के. घनमीटरला अशी 300 किलो खडी असेल तर ती 12 लिटरपर्यंत पाणी ओढेल. मग मिक्सरवर अंदाजाने पाइप सोडला जातो आणि क्यूब तिथेच बिघडतात.

थर कमी करायचा तर दाबून फोडणाऱ्या जॉ क्रशरनंतर आदळून फोडणाऱ्या इम्पॅक्ट क्रशरचा दुसरा फेरा द्या. सुटलेला मसाला बहुतेक बारीक मालात जातो, म्हणून 4.75 मिमीखालचा माल चाळून वेगळा काढा. विटा आणि पीओपी मात्र पाडकामातच बाजूला व्हायला हवेत. पीओपीतले सल्फेट काँक्रीट फुगवते.

ढिगावर आदल्या संध्याकाळी स्प्रिंकलर लावा, सकाळी निथळू द्या, ताडपत्रीने झाका. किलोभर खडी तव्यावर वाळवून पुन्हा तोला, ओल कळते. पावसाळ्यात हे दिवसातून दोनदा करा. मिक्सरमध्ये आधी खडी-वाळू मिनिटभर फिरवा, मग निम्मे पाणी घालून आणखी मिनिटभर. नंतर सिमेंट टाकून अर्धा मिनिट आणि शेवटी उरलेले पाणी घालून दोन मिनिटे. सुरुवातीला सिमेंटची दाट पेस्ट जुन्या थराच्या भेगांत शिरते आणि पकड सुधारते.

खडी-वाळूचे भारतीय मानक आयएस 383 (2016) नुसार काँक्रीटपासून केलेली जाड खडी साध्या काँक्रीटमध्ये एकूण जाड खडीच्या 25 टक्क्यांपर्यंत, एम 25 पर्यंतच्या (एम म्हणजे मजबुतीची प्रत) आरसीसीत, म्हणजे सळईच्या काँक्रीटमध्ये, 20 टक्क्यांपर्यंत चालते. विटांसह दळलेली मिश्र खडी फक्त एम 15 खालच्या लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटला.

प्रश्न: समुद्रालगतच्या इमारतीची खडी आरसीसीत घ्यावी का?

उत्तर: प्रत्येक ढिगाचे आम्लविद्राव्य क्लोराइड (आम्लात विरघळणारा, सळई गंजवणारा मिठाचा अंश) तपासल्याशिवाय नाही. सगळ्या घटकांचे मिळून आरसीसीत घनमीटरला 0.6 किलो ही काँक्रीटचे भारतीय मानक आयएस 456 ची मर्यादा आहे. सिमेंटशी बांधले गेलेले क्लोराइड धुऊन जात नाही. हायड्रोक्लोरिक आम्लात खडी बुडवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मसाला सुटेल, पण नवे क्लोराइड आत राहील आणि सळई गंजेल.