खात्री डळमळली म्हणून तारण गेलं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तीन दिवसांच्या ख्रिस्ती सभेत बाहेरून आलेल्या उपदेशकांनी विचारलं, "आज रात्री मेलात तर कुठं जाल?" आणि वर सांगितलं, की ज्याला शंभर टक्के खात्री नाही त्याचं तारण, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सुटका, झालेलंच नाही. तेव्हापासून तुम्ही येशूच्या स्वीकाराची प्रार्थना पाच वेळा केली, तरी रात्री दोनला जाग येते. सभेत तीनशे रुपयांना मिळालेलं तेल दाराच्या चौकटीला लावलं, तरी कपाशीत बोंडअळी आलीच. मग प्रार्थनागटातली एक बाई म्हणाली, घरात लपलेलं पाप असेल, हा देवाचा न्याय आहे. आता दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घ्यावा का, असं विचारता.

नका घेऊ. हे आधीच सांगून टाकतो, बाकीचं सावकाश बोलू.

मी पाळक, म्हणजे पाद्री, नाही. दारव्ह्याकडच्या खेड्यात शेती केली आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडील (कारभार पाहणारा जाणता) म्हणून पंचवीस वर्षं काढली. अशा भीतीची माणसं पुष्कळ पाहिली. त्यातला पहिला माझा बाप. त्याची भीती देवाची नव्हती, सोसायटीची होती, पण जात तीच.

मी सातवीत असेन. बाबांवर सोसायटीचं पीककर्ज होतं. दोन सालं कापूस बुडाला आणि ते थकलं. वसुलीचा माणूस सायकलवर यायचा. घंटी वाजली की बाबा मागच्या दारानं पऱ्हाटीच्या, वाळलेल्या कपाशीच्या झाडांच्या, ढिगामागं. मग बडनेऱ्याला रेल्वेत असलेला मामा एक दिवस आला आणि त्यानं मुद्दल-व्याज सगळं भरलं. पावतीवर निळ्या शाईत रक्कम, गोल शिक्का, आणि खाली दोन शब्द: बाकी निरंक. आईनं ती पवित्र शास्त्रात घालून पेटीत ठेवली. रोमकरांस पत्रात वगैरे नाही, मधेच कुठंतरी, इतिहासाच्या पुस्तकात.

पुढच्या महिन्यात तोच माणूस दुसऱ्या कुणाच्या वसुलीला गावात आला. घंटी वाजली आणि बाबा ढिगामागं.

आई म्हणाली, "काहून लपून राह्यले जी? पावती हाय ना पेटीत."

ढिगामागून आवाज आला, "गेला काय वं थो?"

आईनं "भिऊ नका" असं एकदाही म्हटलं नाही. मिशनच्या शाळेत चौथी शिकलेली होती ती. पेटी उघडली, पावती आणली आणि पऱ्हाटीजवळ उभी राहून मोठ्यानं वाचली, तारखेपासून शिक्क्यापर्यंत. बाबांना वाचता येत नव्हतं. असं चार-पाचदा झालं. मग एकदा घंटी वाजली आणि बाबा खाटेवर तंबाखू मळत बसून राहिले.

आता मला सांगा, ते ढिगामागं होते त्या दिवशी कर्ज किती होतं? निरंक. खाटेवर बसले त्या दिवशी? तेवढंच. भीतीनं त्यांची झोप गेली, पावतीवरचा आकडा काही बदलला नाही.

ही कर्जाची तुलना माझ्या पदरची नाही. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल हेच म्हणतो: आपल्याविरुद्धचं ऋणपत्र देवानं खोडलं आणि वधस्तंभाला खिळून रद्द केलं. योहान ५:२४ उघडा. जो ऐकतो आणि विश्वास ठेवतो, त्याच्यावर न्यायाचा प्रसंग येणार नाही, तो मरणातून जीवनात "पार गेला आहे". क्रियापद नीट बघा. "जाईल" नाही, "खात्री वाटली तर जाईल" असंही नाही. योहानानं पहिल्या पत्रात (५:१३) लिहिलंय, की तुम्हाला सार्वकालिक जीवन लाभलं आहे हे तुम्हाला कळावं म्हणून मी हे लिहिलं. म्हणजे ज्यांना लाभलंय पण अजून धड कळलेलं नाही, अशी माणसं तेव्हाही होतीच. नाहीतर पत्र लिहिलंच कशाला असतं?

म्हणून त्या उपदेशकांचं वाक्य मला मान्य नाही, आणि जुन्या जाणत्यांनाही मान्य नव्हतं. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, त्या स्कॉटिश मंडळीची विश्वासकबुली १६४६ साली वेस्टमिन्स्टरला तयार झालेली. तिच्या अठराव्या अध्यायात सरळ म्हटलंय, की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ही खात्री मिळायला फार काळ लागू शकतो. आपल्या पंडिता रमाबाईंचंच बघा. बाप्तिस्मा १८८३ साली, इंग्लंडात वाँटेजला. आणि मनाला शांती मिळाली ती साधारण आठ वर्षांनी. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. आणि तेव्हाही त्यांनी दुसरा बाप्तिस्मा घेतला नाही.

चौकटीकडे येतो. त्या तेलामागचा आधार निर्गम १२ चा आहे, हे खरं. मिसरात प्रत्येक घरचा थोरला मुलगा मरणार होता त्या रात्रीची ही गोष्ट. कोकरू दहाव्या दिवशी बाजूला काढायचं, चौदाव्याला संध्याकाळी कापायचं, एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीनं रक्त दोन्ही दारबाह्यांना आणि वरच्या पट्टीला लावायचं. "रक्त पाहून मी तुम्हाला ओलांडून जाईन." पाहणारा कोण? देव. रक्त दाराच्या बाहेरच्या अंगाला, माणसं आत. आतल्या थोरल्या पोराला ते दिसतसुद्धा नव्हतं. एखादा पोरगा निवांत भाकर खात असेल, दुसरा आईच्या पदरात तोंड खुपसून थरथरत असेल. सकाळी दोघंही जिवंत. तुम्ही दुसऱ्या पोरासारख्या आहात, एवढंच. आणि ते कोकरू एकदाच कापलं गेलं, ते ख्रिस्त. त्याची बाटली भरून विकता येत नाही. तीनशे रुपयांचा हिशेब त्या माणसाला देवासमोर द्यावा लागेल, तुम्हाला नाही.

बोंडअळीबद्दल त्या बाई जे बोलल्या, त्याचा मला राग आला. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आपल्या जिल्ह्यात कुणाची कपाशी सोडली होती? हिंदूंची, बौद्धांची, आपली, सगळ्यांचीच गेली. बीटी कपाशीला अळी सरावली, आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी कपाशी, ठेवल्यानं तिला पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळत राहिलं. त्यात कुणाचं लपलेलं पाप शोधायचं? शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हा लोकांनी असाच सूर लावला होता. येशूनं विचारलं, ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच म्हणाला, नाही. पुढं पश्चात्ताप करा असंही म्हणाला, पण ते उभ्या असलेल्या सगळ्यांना. न्यायापासून सुटका म्हणजे पीकविमा नव्हे. पाऊस नीतिमान-अनीतिमान दोघांच्या शेतात पडतो आणि गारपीटही. डिसेंबरअखेर कपाशी काढून टाका, पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका. त्याचा उपयोग तेलापेक्षा नक्की जास्त होईल.

आता अवघड वचनं. विश्वासापासून ढळलेल्याला पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असं म्हणणारा इब्री ६ वाचून तुम्ही घाबरलात, ते साहजिक आहे. तिथं मतभेद खरेच आहेत. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेली सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, १९८३ ला पुण्याला गेली. त्याआधी तिथले विद्यार्थी आमच्याकडे रविवारी उपदेशाला यायचे. एकदा दोघं मुक्कामाला राहिले. एक म्हणे, खरं मेंढरू कधीच हरवत नाही. दुसरा जॉन वेस्लीच्या, म्हणजे मेथडिस्ट परंपरेतला, तो म्हणे, माणूस स्वतःच्या पायानं निघून जाऊ शकतो. कंदिलातलं तेल संपेस्तोवर चाललं. मला कुणाचंच पूर्ण पटलं नाही, अजूनही नाही. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं: इब्री ६ ज्याच्याबद्दल आहे तो माणूस ख्रिस्ताला टाकून देतो आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. रात्री दोनला उठून "प्रभू, मला सोडू नको" म्हणणारी बाई तो माणूस नव्हे. "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका" म्हणणाऱ्या बापाला येशूनं परत पाठवलं नाही, त्याचं पोर बरं केलं.

एक उलट बाजूही सांगतो, कारण हे उत्तर इतरही वाचतील. पावती पेटीत आहे म्हणून नवं कर्ज काढून जुगार खेळणारेही आपल्या मंडळीत आहेत. रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय त्यांच्यासाठी आहे. ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर आपण सगळेच उभे राहणार आहोत, आणि पहिल्या करिंथकरांस पत्रात म्हटलंय तसं एखाद्याचं काम जळून जाईल, तो मात्र आगीतून निघाल्यासारखा वाचेल. तुमचं दुखणं ते नाही, म्हणून इथंच थांबतो.

आज रात्री जाग आली तर सहाव्यांदा स्वीकाराची प्रार्थना करू नका. दिवा लावा आणि योहान ५:२४ मोठ्यानं वाचा, शेजारी झोपलेल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मनात काय वाटतंय ते तपासत बसू नका. चार-पाच रात्री लागतील, बाबांनाही लागल्या होत्या. आपल्या पाळकांशी एकदा बोला. आणि तेल उरलं असेल तर टाकू नका, दाराच्या बिजागरीत सोडा. पावसाळ्यात आमचं दार तर फार कुरकुरतं.