मुलगी मंगळाची आहे, काय करू?

"ओ मॅडम, पत्रिकेत खरंच काय शास्त्र असतंय काय?" हा प्रश्न बेळगावात मला इतक्या आया विचारतात की एकदा नीट लिहावंच म्हटलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

निपाणीकडच्या एक काकू. मुलगी तिशीला आलेली, उद्यमबागेत एका कारखान्यात अकाउंट्स बघते, मंगळाची. जमत आलेली चार स्थळं पत्रिकेवरनं मोडलेली. मुलगी शांत होती, रडायच्या त्या काकूच. पिशवीतनं त्यांनी पत्रिका काढली, कोपऱ्यांना हळदकुंकू, घड्या पडून पडून मधोमध फाटलेली आणि सेलोटेपने जोडलेली.

अशा वेळी "तुमची श्रद्धा तुमच्यापाशी" म्हणून मी सोडून देत नाही, मोघम उत्तराने भीती वाढतेच असा माझा अनुभव आहे. म्हणून सरळ सांगितलं, काकू, याला शास्त्राचा आधार नाही. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात तपासून बघितलंय, 2009 साली ते छापून आलं. हुशार मुलांच्या 100 आणि मतिमंद मुलांच्या 100 पत्रिका जमवल्या, 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. बरोबर आल्या साधारण 46 टक्के, नाणं उडवून सांगितलं असतं तरी निम्म्या बरोबर आल्या असत्या.

काकू म्हणाल्या, "असंल ओ, पण मंगळ म्हणजे मंगळ."

मग मी वाद घातला नाही, हिशोब घातला. बारा घरांपैकी 1, 4, 7, 8 आणि 12 या पाच घरांत मंगळ असला की दोष धरतात, म्हणजे ढोबळमानाने शंभरात चाळीस माणसं मंगळाची निघणारच, आणि काही जण चंद्रापासूनही मोजतात मग तर आकडा अजून फुगतो. म्हटलं घरातल्या ट्रंकेत असतील तेवढ्या पत्रिका काढा आणि तुम्हीच मोजा.

पुढच्या भेटीला आल्या त्या गप्पच. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "अकरा मिळाल्या. पाच मंगळाच्या." परत गप्प. मी पण काही बोलले नाही, अशा वेळी थांबता यायला पाहिजे आणि ते मी वर्षानुवर्षं शिकलेय.

"त्यातली एक माझी ओ मॅडम. लग्नात लपवली होती. हे बावन्नाव्या वर्षी गेले. माझ्यामुळंच गेले."

एकवीस वर्षं हे ओझं! सासरी, माहेरी कुणालाच सांगितलेलं नाही. तेव्हा मला कळलं की मुलीचा मंगळ वरवरचा होता, जावई आपल्या मुलीमुळं जाईल ही भीती खरी होती, कारण स्वतःला त्यांनी गुन्हेगार ठरवूनच टाकलं होतं. घटनेपेक्षा तिला आपण लावलेला अर्थ जास्त छळतो असं मी मानते, आणि तो अर्थ तपासता येतो.

"काका काय काम करायचे?"

"तंबाखूच्या वखारीत. खायचेबी, दिवसभर. बीपी होता, गोळ्या बंद केल्या त्यांनीच."

"गोळ्या मंगळानं बंद केल्या काय काकू?"

त्या पदर तोंडाला लावून खूप रडल्या, पण हे रडणं वेगळं होतं. मुलगी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली, "आई, हे तू मला कधी सांगितलंच नाहीस," एवढंच म्हणाली.

तर ज्यांच्या घरी असा प्रश्न आहे त्यांना माझं सांगणं, पत्रिका खरी का खोटी यावर घरात भांडत बसू नका, भीती नक्की कशाची आहे ते शांतपणे विचारा, बहुतेक वेळा मागे कुणाचं तरी जुनं मरण नाहीतर मोडलेला संसार असतो. मंगळ शांत करण्यासाठी हजारोंचा खर्च सांगणाऱ्याकडे जायच्या आधी आठ दिवस थांबा. मुलामुलीचं रक्त तपासा, व्यसन, कर्ज, स्वभाव याची चौकशी करा, दोघांना चार वेळा निवांत भेटू द्या.

मुलीचं अजून जमलेलं नाही. मागच्या महिन्यात गडहिंग्लजकडचं एक स्थळ आलं, मध्यस्थांनी फोनवर पत्रिका मागितली. काकू म्हणाल्या, "देते की, पण आधी मुलगा तंबाखू खातो काय ते सांगा."