दार गळतंय आणि गाडी गॅरेजात अडकलीये

प्रश्न : माझी 2008 ची व्हॅन आहे. आत पलंग, ओटा करून रीतसर आरसीवर नोंद असलेली कॅम्पर. डोणज्याजवळ टेम्पो घासला आणि सरकतं दार चेपलं. गॅरेजवाल्याने 'नवं ओरिजिनल दार' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर 38,000 रुपये सांगितले, 25,000 आगाऊ घेतले, बाकीचे नंतर द्या म्हणून गाडी दिली. पहिल्याच पावसात पाणी आत आलं, प्लायवूड फुगलं. दाखवायला गाडी नेली, तर उरलेले 13,000 दिल्याशिवाय सोडणार नाही म्हणतो. वर म्हणतो, सरकतं काढून बिजागरीचं दार लावू. बिल दिलेलं नाही. काय करू? – एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : नमस्कार. तुमचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे ते दार, आणि आज ते नेमकं समोरच्याच्या ताब्यात आहे. म्हणून आधी गाडी बाहेर काढा, भांडण नंतर.

गाडी अडवण्याचा हक्क गॅरेजवाल्याला मुळीच नसतो, हा समज चुकीचा आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 170 प्रमाणे, ठरल्याप्रमाणे काम केलं असेल तर मजुरी मिळेपर्यंत तो वस्तू ठेवून घेऊ शकतो. पण इथे ठरल्याप्रमाणे काम झालेलं नाही. शिवाय त्याने एकदा गाडी तुमच्या हाती दिली होती. ताबा सोडला की हा हक्क सहसा संपतो. बाजू तुमची भक्कम आहे. तरी माझा सल्ला ऐका : 13,000 रुपये बँकेतून पाठवा आणि त्याच वेळी त्याला लिहा, 'गाडी सोडवण्यासाठी, तक्रार कायम ठेवून, हक्क राखून देत आहे.' पावसाळ्यात गाडी महिनाभर तिथे कुजली, तर नुकसान तेरा हजारांहून मोठं होईल. रक्कम घेऊनही सोडली नाही, तर ग्राहक आयोगाकडे तक्रारीसोबत ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 38(8) खाली अंतरिम आदेश मागता येतो.

गाडी घरी आली की लगेच दुसऱ्या डेंटरकडे पळू नका. मोबाइलवर सलग, न कापता चित्रीकरण करा : आधी नंबर प्लेट, मग बंद दार, मग वरच्या चॅनलवर मगाने ओतलेलं पाणी, मग आतून ओघळणारी धार. दारावर फ्रिजचं चुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे पत्र्यावर लांबीचा (पुट्टीचा) जाड थर असण्याची शक्यता आहे. दाराच्या आतली कड, रबर, जुन्या रंगाच्या खुणा जवळून टिपा. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. मग एखाद्या जाणकार मेकॅनिकचा किंवा सर्व्हेअरचा सही-तारखेसह लेखी अहवाल घ्या.

हे का? कारण 'नवं' म्हणून लावलेलं दार जुनंच निघू शकतं, आणि जुना माल नवा म्हणून विकणं ही त्याच कायद्याच्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणंही त्यातच येतं. बिल नाही म्हणून घाबरू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरचा दर आणि बँकेची नोंद पुरेशी बोलकी आहे, फक्त चॅट डिलीट होऊ देऊ नका.

मग पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा : दार बदलून द्या किंवा पैसे परत करा, आणि प्लायवूडचा खर्च द्या. उत्तर आलं नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. गाडी तुम्ही भाड्याने देत असाल, तर मात्र 'व्यावसायिक वापर' हा आक्षेप येईल. तसं असेल तर वकिलाला आधीच सांगा.

बिजागरीच्या दाराला ठाम नकार द्या. तशाच दाराच्या जागी तसंच दार ही दुरुस्ती. चौकट कापून वेगळ्या प्रकारचं दार बसवणं हा गाडीतला बदल, आणि तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. जानेवारी 2019 मध्ये केरळमधल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नाकारला. कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी होतं. तेव्हा आरटीओत तपासणीत हेच दार पाहिलं जाईल आणि गॅरेजवाला तिथे तुमच्या शेजारी उभा नसेल.

दुसरीकडे दार बदलून घेतलंत, तर काढलेलं दार भंगारात देऊ नका. रबरासकट गोणपाटात गुंडाळून, तारीख लिहून, निकाल लागेपर्यंत घरी ठेवा.