वाचकांचे प्रश्न : लॉग केबिन गोधडीतलं फिकट आणि गडद

प्रश्न : लॉग केबिनचे ६४ ब्लॉक (मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडलेले गोधडीचे चौकोनी तुकडे, लगतच्या दोन बाजू फिकट, उरलेल्या दोन गडद) तयार आहेत. एकात एक हिरे दिसणारी ‘बार्न रेझिंग’ मांडणी हवी आहे. जमिनीवर मांडले की कुठेतरी बिघडतं, पण नेमकं कुठे ते सापडत नाही.

नक्षी बघत बसू नका, कडा बघा. लागून आलेल्या दोन ब्लॉकच्या कडा एकाच जातीच्या हव्यात : गडदाला गडद, फिकटाला फिकट. कुठे गडद कड फिकट कडेला भिडली असेल, तर त्या दोघांपैकी एक ब्लॉक चुकीचा फिरलाय. अर्धा वळसा चुकलेल्या ब्लॉकचं चारही शेजाऱ्यांशी बिनसतं, पाव वळसा चुकलेल्याचं फक्त समोरासमोरच्या दोघांशी. एवढ्यावरून चुकलेला ब्लॉक ओळखता येतो.

मांडायला मध्यापासून सुरुवात करा. मधले ४ ब्लॉक असे ठेवा, की त्यांचे फिकट कोपरे एका बिंदूत येतील. हा झाला पहिला, फिकट हिरा. आता गोधडीचे चार भाग कल्पा, प्रत्येकात ४ बाय ४ ब्लॉक. एका भागात आडव्या किंवा उभ्या ओळीत पुढे सरकताना प्रत्येक ब्लॉक आधीच्यापेक्षा अर्धा वळसा फिरवायचा. पाव वळसा तिथे कधीच येत नाही. तो येतो फक्त मधली उभी किंवा आडवी रेषा ओलांडताना. बहुतेक चुका याच रेषेवर होतात, म्हणून तिथे सुतळी अंथरून ठेवा.

हेच ब्लॉक सगळीकडे अर्ध्याच वळशाने मांडले, तर तिरके सरळ पट्टे मिळतात (‘स्ट्रेट फरो’). प्रत्येक शेजारी पाव वळशाने फिरवला, की फिकट आणि गडद हिरे आलटून पालटून दिसतात. ती ‘सनशाइन अँड शॅडो’. कडांचा नियम तिन्ही मांडण्यांना लागू आहे. बार्न रेझिंगला दोन्ही दिशांना ब्लॉकची संख्या सम हवी, नाहीतर हिऱ्याला मध्यच सापडत नाही. स्ट्रेट फरोला ७ बाय ९ सुद्धा चालतात, म्हणून पहिल्या गोधडीला आम्ही तीच सुचवतो.

जोडायला घेण्याआधी तिन्ही मांडून फोटो काढा. मग प्रत्येक ब्लॉकच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ओळ आणि क्रमांकाची चिठ्ठी टाचा, कायम त्याच कोपऱ्यात. मशीनपर्यंत नेताना ब्लॉक फिरला तरी चिठ्ठी सांगते.

प्रश्न : गडद म्हणून घेतलेलं मोठ्या फुलांचं निळं कापड शिवल्यावर फिकटात मिसळून गेलं. असं का?

मोठ्या छापाचं कापड हातात गडद वाटतं. दीड इंचाची पट्टी कापली की एका तुकड्यात निळी जमीन येते, दुसऱ्यात नुसती पांढरी पाकळी. या कामाला बारीक छाप किंवा साधं कापड घ्या. निवडताना सगळ्या कापडांची घडीची कड एकाशेजारी एक लावून कृष्णधवल फोटो काढा. रंग निघून गेला की उरतो तो फक्त उजळपणा, आणि लॉग केबिनची नक्षी सगळी त्यावरच उभी असते. जे कापड फोटोत धड इकडे नाही, धड तिकडे नाही, ते या गोधडीतून बाजूला काढा. कितीही आवडतं असलं तरी.

प्रश्न : ८ इंची ब्लॉक, ६४ नग. फिकट आणि गडद कापड सारखंच घ्यायचं का?

नाही. मधला चौकोन अडीच इंच, पट्ट्या दीड इंच रुंद, तीन फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत आधी फिकट असं धरलं, तर पट्ट्यांची लांबी इंचांत अशी :

फिकट : २.५, ३.५, ४.५, ५.५, ६.५, ७.५, एकूण ३०.
गडद : ३.५, ४.५, ५.५, ६.५, ७.५, ८.५, एकूण ३६.

काठ काढून ४० इंच पन्हा उरला, तर एका गडद पट्टीत एक ब्लॉक होतो. फिकटात बचत आहे : ३ पट्ट्यांतून ३ ब्लॉक कापल्यावर उरलेल्या १०-१० इंचांतून चौथा बरोब्बर निघतो (२.५ व ७.५, ३.५ व ६.५, ४.५ व ५.५). म्हणजे गडद ६४ पट्ट्या, फिकट ४८. चुकीला जागा ठेवून गडद पावणेतीन मीटर, फिकट सव्वादोन मीटर आणि मधल्या चौकोनांना ३० सेंटिमीटर घ्या.

प्रश्न : ८ इंची ब्लॉक कडेची माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) धरून साडेआठ इंच यायला हवा, माझे जेमतेम आठ येतात.

माया जास्त जातेय. ब्लॉकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६ शिवणी आहेत. माया पाव इंचापेक्षा फक्त १ मिलिमीटर जास्त घेतली, तर प्रत्येक शिवण दोन्हीकडून मिळून २ मिलिमीटर खाते. सहा शिवणींत १२ मिलिमीटर, म्हणजे तुमचा अर्धा इंच गेला. दीड इंची तीन पट्ट्या जोडून इस्त्री करा आणि मधली मोजा. ती नेमकी १ इंच भरेपर्यंत सुईची जागा बदलत राहा.

सगळे ब्लॉक आठच असतील तर उसवू नका. आपसांत ते छान जुळतील, गोधडी थोडी लहान होईल इतकंच. काही आठ, काही साडेआठ असतील तर मात्र इलाज करावाच लागेल. पट्टी आधी मापाने कापा, मग जोडा. लांब पट्टी लावून शेवटी छाटली तर शिवताना ती ताणली जाते आणि ब्लॉकची कड लाटांसारखी होते. आडव्या धाग्याची पट्टी जास्त ताणते.

प्रश्न : मधल्या लाल चौकोनाची माया फिकट पट्टीखालून दिसते.

लाल बाजूची माया २ मिलिमीटर छाटा, म्हणजे फिकट माया तिला झाकेल. तरीही दिसली तर तेवढी एक शिवण लालाकडे वळवून इस्त्री करा. बाकी सगळ्या नेहमीप्रमाणे बाहेरच्या बाजूला. आणि लाल कापड कापण्याआधी त्यावर ओलं पांढरं फडकं ठेवून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर रंग उतरला तर ते कापड आधी धुवा. धुतल्यावरही रंग उतरतच राहिला, तर दुसरं लाल आणा.