आईबापाचा मान राखायचा की येशूचं ऐकायचं?

तुम्ही विचारलंय, बायबलमधल्या दहा आज्ञांत आईबापाचा मान राख असं सांगितलंय आणि येशू मात्र म्हणतो, माझ्यापेक्षा आईबापावर जास्त प्रीती करणारा मला योग्य नाही. मग ख्रिस्ती माणूस यातलं काय पाळतो?

मी नाशिकची, शरणपूर भागात वाढलेली, प्रोटेस्टंट. आज्ञांमधला क्रम आमच्यासाठी येशूनेच लावून दिलाय. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असं विचारल्यावर त्याने दोन सांगितल्या: देवावर पूर्ण मनाने प्रीती कर, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी (मत्तय 22). बाकीच्या आज्ञा या दोन्हींच्या उजेडात वाचायच्या.

दहा आज्ञांतल्याच विसाव्याच्या दिवसाचं, म्हणजे शब्बाथाचं, घ्या. शब्बाथाला तुमचा बैल विहिरीत पडला तर लगेच वर काढणार नाही का, असं येशूने विचारलं होतं (लूक 14). आमच्या नात्यात निफाडकडे द्राक्षबागा आहेत. तोडणीच्या दिवसांत आभाळ भरून आलं की जीव टांगणीला लागतो, कारण एका सरीने मणी तडकतात. अशा रविवारी ते सगळे बागेत असतात आणि घरची प्रार्थना रात्री होते. कॅथलिकांच्या धर्मशिक्षणात तर हे लिहूनच ठेवलंय: कुटुंबाची गरज किंवा महत्त्वाची समाजसेवा असेल तर रविवारच्या विसाव्यातून सूट आहे.

सवलत घेताना मी एक गोष्ट बघते, फायदा कुणाचा होतोय. काही लोक आपला पैसा 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेला, असं जाहीर करायचे आणि म्हाताऱ्या आईबापासमोर हात वर करायचे. येशूने त्यांना सगळ्यांदेखत फटकारलं (मार्क 7). त्यामुळे देवाचं नाव पुढे करून घरच्यांची जबाबदारी झटकणारा माणूस मला तरी येशूचं ऐकतोय असं वाटत नाही.

पण तुमचा प्रश्न खरा टोचतो तो पहिल्या पिढीच्या विश्वासणाऱ्यांना, म्हणजे घरातून पहिल्यांदाच ख्रिस्ती झालेल्यांना. आमच्या चर्चच्या मंडळीतला एक जण, घरातला थोरला मुलगा, घरचे सगळे हिंदू. वडील गेले. त्याने तिरडीला खांदा दिला, लाकडांपासून तेराव्याच्या जेवणापर्यंतचा खर्च उचलला. अग्नी आणि पिंड मात्र धाकट्याने दिले. दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवायला फार वेळ लागला. आई रडत होती, चुलते टोमणे मारत होते. हा आईला धरून बसून राहिला, पण विधीला पुढे झाला नाही. माझ्याखेरीज दुसरे देव नकोत ही आज्ञा त्याने तिथे वर ठेवली आणि मान राखण्याचे बाकीचे सगळे मार्ग धरले.

मंडळीत यावर एकमत नव्हतं. काहींच्या मते त्याने रामकुंडावर जायलाच नको होतं, काहींना अग्नी दिला असता तरी चाललं असतं. अशा वेळी प्रेषित पौल बायबलमधल्या आपल्या पत्रात सांगतो की प्रत्येकाने आपल्या मनाची पक्की खात्री करावी आणि भावाला दोषी ठरवू नये (रोम 14). मला त्याचं वागणं पूर्ण पटलं.

आणखी एक. हे सगळं तो वडिलांशी त्यांच्या हयातीतच बोलला होता. त्यांना पटलं नव्हतं, पण ठाऊक होतं, आणि आईलाही. म्हणून निभावलं. तुमच्या घरात असा पेच असेल तर आत्ताच बोलून घ्या.