वडिलांची जीप ठेवू की माझी पहिली मारुती ८००?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारव्हा तालुक्यातलं गाव, घरी वडिलांची १९९३ ची महिंद्रा एमएम ५४० जीप आणि तुमच्या पहिल्या कमाईची २००४ ची मारुती ८००. दोन्हींवर सारखाच जीव, पण दोन्हींचा खर्च झेपत नाही. एक काढायची तर कोणती?

भाऊ, या फेऱ्यातून मी गेलोय. माझ्याकडे जीपच्या जागी अँबेसेडर होती, १९८९ ची डिझेल. वडिलांनी ती जुनीच घेतलेली, एकाधिकार कापूस खरेदीच्या दिवसांत, म्हणजे कापूस फक्त सरकारच घ्यायचं तेव्हा, चुकारा (कापसाचे पैसे) हातात पडला त्याच आठवड्यात. दुसरी माझी मारुती ८००, १९९८ ची, कार्बोरेटरवाली. आमचं गाव दर्यापूरकडचं.

वडील गेल्यावर चार वर्षं मी दोन्ही ठेवल्या. अँबेसेडर टिनाच्या शेडमध्ये, मारुती अंगणात. बाजार, दवाखाना, बँक, पोरांची शाळा, सगळं मारुतीवर. अँबेसेडर ‘जपून’ ठेवलेली. मग एका दसऱ्याला पूजेसाठी तिला बाहेर काढायला गेलो. किल्ली फिरवली तर साधा टक आवाजही नाही. बॅटरी उतरली असेल म्हणून बोनेट उघडलं. एअर फिल्टरच्या बाजूला उंदरांनी घर केलेलं. मागच्या सीटमधला काथ्या ओढून आणून त्याची छान गोल गादी केली होती, वर सोयाबीनची टरफलं, आणि मधोमध चार गुलाबी पिलं, डोळेसुद्धा न उघडलेली. हेडलाइटकडे जाणाऱ्या वायरींचा जुडगा असा सोललेला की आतलं तांबं चकाकत होतं. ढकलून बाहेर काढू म्हटलं तर मागचे ब्रेक ड्रमला चिकटलेले, चाक हलेना. शेवटी हळद-कुंकू शेडमध्येच वाहिलं.

मिस्त्री आला. वायरिंग, ब्रेकचे सिलेंडर, बॅटरी धरून साडेनऊ हजारांचा आकडा सांगितला आणि वर म्हणाला, “तिले रोज फिरवत जा न भाऊ, नाहीतर देऊन टाका कोणाले. उभी ठेवून काहून मारून राह्यले तिले?” राग आला होता मला. पण चूक काय होती त्याच्या बोलण्यात?

म्हणून माझं उत्तर एवढंच, की जी गाडी साध्या मंगळवारी बाहेर निघते ती ठेवा. दुसरी तुम्ही ठेवली तरी राहणार नाही, शेडमध्ये बसून संपेल. आपल्याकडचा मे महिना ४५ च्या वर जातो. त्यात रबरी पाइप, दरवाज्यांची रबरं, वायपर सगळं कडक होऊन तडकतं. पावसाळ्यात चिखल खालच्या पत्र्याला धरून बसतो आणि काळी माती लवकर वाळत नाही. आमच्या खारपाण पट्ट्यात तर आणखी एक भानगड: बोअरचं पाणी खारं. त्या पाण्यानं गाडी धुतली की पांढरे डाग राहतात आणि सांध्यांत गंज धरतो. वडील रेडिएटरमध्येही तेच पाणी टाकायचे. मी खोलून पाहिला तेव्हा आतल्या नळ्या क्षारांनी बुजल्या होत्या, गाडी गरम व्हायची ती त्यामुळे. तुमच्याकडे पाणी गोड असेल तर एवढा त्रास नाही, तरी रेडिएटरमध्ये कूलंटच टाका.

आता मंगळवारी कोणती निघते हे मनाला विचारू नका, मन खोटं बोलतं. अँबेसेडर दुरुस्त करून घेतली आणि दोन्ही गाड्यांत एकेक दहा रुपयांची वही ठेवली. गाडी निघाली की तारीख, कुठे गेलो, कोण चालवत होतं. दसरा ते संक्रांत. संक्रांतीला वह्या उघडल्या: मारुती ६१ वेळा, अँबेसेडर ४ वेळा. त्या चारमधल्या तीन वेळा तर नुसतीच बॅटरी चार्ज व्हावी म्हणून फाट्यापर्यंत जाऊन आलेलो. आणि एक गोष्ट मी कधी ध्यानातच घेतली नव्हती. मारुतीच्या वहीत निम्म्या ठिकाणी बायकोचं अक्षर होतं. अँबेसेडरच्या वहीत माझंच. तिचं स्टीअरिंग जड, गियर स्टीअरिंगखाली, थंडीत हीटर प्लग तापेपर्यंत थांबायचं. माझ्याशिवाय घरात तिला कोणी हात लावत नव्हतं. ज्या गाडीला एकच ड्रायव्हर, ती त्या ड्रायव्हरच्या पाठदुखीसोबत बंद पडते.

खर्चाचं पटकन सांगतो. १५ वर्षांनंतर आरसी (गाडीची नोंदणी) दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं २० वर्षांवरच्या मोटारीसाठी ही फी ५,००० वरून १०,००० केली. तुमच्या दोन्ही गाड्या त्यात बसतात, म्हणजे नुसती फीच २०,०००. पर्यावरण कर आणि नव्या नंबरप्लेटा वेगळ्या. थर्ड पार्टी विमा इंजिनावर ठरतो: मारुती ७९६ सीसीची, तिला २,०९४ रुपये, जीपचं इंजिन २,११२ सीसी, तिला ७,८९७, आणि वर जीएसटी. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आहे, तिची धास्ती मात्र घेऊ नका, ती आपल्याकडे नाही. आरटीओच्या तपासणीत पासिंग होते तोवर गाडी चालते.

मारुतीची एक कमजोरी सांगायलाच हवी, नाहीतर मी तिचा वकील वाटेन. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि आपल्या जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. रबरी पाइप लवकर जातात, माझ्यासारख्या कार्बोरेटरवाल्या गाडीत इंधन पंपाचा पडदाही. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे टाकीत पेट्रोल भरून महिनाभर उभी ठेवलेली गाडी रोज फिरणाऱ्या गाडीपेक्षा जास्त त्रास देते. मी सगळे पाइप बदलून घेतले, फारसा खर्च आला नाही. डिझेल जीपला ही कटकट नाही, हा तिचा एक मार्क धरा.

विंटेजचं वेड कोणी डोक्यात घातलं असेल तर काढून टाका. २०२१ च्या नियमानं विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण आणि गाडी मूळ रूपात. तुमची जीप २०४३ मध्ये तिथे पोचेल. शिवाय विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, मग वावरात काय घेऊन जाणार?

मी मारुती ठेवली. सगळ्यात जास्त विरोध आईचा झाला, आणि तो भावनेपोटी असेल असं मी समजत होतो. एक दिवस ती म्हणाली, “मले त्या चपट्या गाडीतून उठताच येत नाही बाप्पा, गुडघे पाहून राह्यला का माहे?” अँबेसेडरची मागची सीट उंच, सोफ्यासारखी, ती नुसती टेकायची आणि आत सरकायची. चार वर्षांत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग गादीवाल्याकडून मारुतीच्या पुढच्या सीटसाठी चार बोटं जाड, कडक गादी करून घेतली. आता उठते, कुरकुर करत. अँबेसेडर वरातीला गाडी देणाऱ्या एकानं नेली. भंगारवाला किलोनं भाव करत होता, याने त्याच्यापेक्षा थोडे कमी दिले. तरी त्यालाच दिली, कारण तो ती चालवणार होता.

तुमच्या जीपचं गणित वेगळं निघू शकतं. तिचं फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारं) खरंच चालतं का, की लिव्हर नुसता शोभेला आहे? जुलैमध्ये तुमच्या पांदण रस्त्यानं मारुती जाणारच नाही. खत, फवारणीचा पंप, वेचणीच्या बाया जीपनंच जात असतील तर वहीत जीप जिंकेल, आणि मग तो जास्तीचा विमा निमूट भरा. पण वावरात मोटारसायकल आणि भाड्याचं छोटं मालवाहू वाहन जात असेल आणि जीप पोळ्याला, दसऱ्याला धुतली जात असेल, तर मी तुमच्या जागी मारुती ठेवली असती. वडिलांची आठवण म्हणून जीपचा हॉर्न काढून घ्या. मी अँबेसेडरचा घेतलाय, तो ट्रॅक्टरला लावलाय.

जी काढाल तिची किल्ली फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन नाव बदलल्याशिवाय देऊ नका. पुढे तिनं काही केलं तर समन्स तुमच्या घरी येतो. जीप अजून वडिलांच्याच नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर आधी फॉर्म ३१ नं ती वारसाच्या नावावर करावी लागेल, भावंडांची संमतीही गोळा करा. माझे यातच दोन महिने गेले, कारण बहीण पुण्याला आणि कागद स्पीड पोस्टानं.

आणि घरात कोणाचे गुडघे दुखतात का, हे तुम्ही प्रश्नात लिहिलं नाही. जीपला पाय किती उचलावा लागतो ते एकदा बघा आणि कळवा.