माझ्यावर गुन्हा नाही, तरी पोलिसांनी संशयावरून पिकअप जप्त केली. हे चालतं का आणि गाडी सोडवायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाड्याने दिलेल्या पिकअपमध्ये लोखंडी सळ्या सापडल्या, त्या चोरीच्या असाव्यात म्हणून पोलिसांनी गाडी लावून घेतली. एफआयआरमध्ये तुमचं नाव नाही, चोरीही सिद्ध झालेली नाही, आणि ठाण्यात विचारलं की "कोर्टातून ऑर्डर आणा" एवढंच सांगतात.

जप्ती करता येते, आणि तिला पुरावा लागत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 106 (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे सीआरपीसीचं, 102) म्हणतं की वस्तू चोरीची असल्याचा आरोप किंवा संशय असेल, किंवा गुन्ह्याचा संशय यावा अशा परिस्थितीत ती सापडली असेल, तर पोलिस अधिकारी ती ताब्यात घेऊ शकतो. ती तुमची आहे की आरोपीची, याने फरक पडत नाही. भंगारवाले आणि जुने मोबाईल विकणारे तर फिर्यादी नसतानाही अडकतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 124 खाली, चोरीच्या वाटणाऱ्या मालाचा समाधानकारक हिशेब देता आला नाही तर तेवढ्यावर खटला उभा राहतो. या अधिकारातून जमीन आणि घर मात्र सुटलेलं आहे. कलम 102 खाली स्थावर मालमत्ता जप्त करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली नेव्हाडा प्रॉपर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात ठरवलं.

म्हणून "पुरावा कुठे आहे?" या मुद्द्यावर भांडत बसू नका. तो वाद खटल्यात होईल आणि त्याला वर्षं लागतील. तुमचा मुद्दा वेगळा आणि सोपा आहे: तपासासाठी गाडी ठाण्याच्या आवारात उभी राहायची गरज आहे का? फोटो, पंचनामा, चासी नंबर घेऊन झाला की बहुतेक वेळा नसते. सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात (2002) हेच सांगितलं. मुद्देमाल ठाण्यात पडून सडू देऊ नका, जास्तीत जास्त पंधरा दिवस ते महिनाभर ठेवा, आणि गाडी असेल तर योग्य बंधपत्र, हमी घेऊन सोडा. तुमच्या अर्जात हा निवाडा असलाच पाहिजे.

आता कागद. आधी एफआयआरची प्रत काढा. संवेदनशील गुन्हे सोडले तर ती महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते. गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं आणि तपास अधिकाऱ्याचं नाव त्यातूनच कळेल. मग जप्ती पंचनाम्याची प्रत मागा. गाडीचा नंबर, चासी आणि इंजिन नंबर, किलोमीटर रीडिंग, स्टेपनी, बॅटरी, जॅक हे पंचनाम्यात आलंय का ते पाहा. स्टेपनीचा उल्लेखच नसेल तर परत घेताना ती होती हे कोणी मानणार नाही. झडती-जप्तीचं चित्रीकरण कलम 105 प्रमाणे आता बंधनकारक आहे, त्यामुळे पंचनाम्यात काही सुटलं असेल तर त्या चित्रीकरणाचा उल्लेख करून अर्ज द्या. जप्तीचा अहवाल पोलिसांनी ताबडतोब मॅजिस्ट्रेटला पाठवायचा असतो. तो उशिरा गेला म्हणजे जप्ती आपोआप रद्द झाली, असं मात्र नाही. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. अर्जात हा मुद्दा लिहा, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

कायद्याने पोलिस स्वतःही बंधपत्र घेऊन वस्तू ताब्यात देऊ शकतात. ते कलम 106 मध्येच लिहिलेलं आहे. व्यवहारात कोणी तो धोका घेत नाही. तरी ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या, कोर्टात ती उपयोगी पडते.

खरा अर्ज त्या ठाण्याच्या हद्दीतल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, कलम 497 आणि 503 खाली (जुनी 451, 457). वस्तू कोर्टापुढे हजर झालेली नसेल तर 503, झाली असेल तर 497. वकील सरसकट दोन्ही लिहितात, तुम्हीही लिहा. सोबत आरसी, विमा, पीयूसी, परमिट आणि फिटनेस, आधार, एफआयआर, पंचनामा, शक्य झाल्यास ड्रायव्हरशी झालेला भाडेकरार किंवा भाड्याच्या नोंदी, आणि प्रतिज्ञापत्र: गाडी माझी आहे, दुसऱ्या कोणाचा दावा नाही, बोलावलं की हजर करीन. विमा संपलेला असेल तर आधी नूतनीकरण करून घ्या, नाहीतर पहिला प्रश्न तोच येतो.

अर्ज दाखल झाला की त्यावर "सरकारी वकील व तपास अधिकाऱ्याचे म्हणणे" असा शेरा पडतो. कोर्टाच्या भाषेत 'से'. अर्ज रखडतो तो इथेच. तपास अधिकारी बंदोबस्तावर, से आला नाही, पुढची तारीख. वकिलाला सांगून 'से'चं पत्र हातोहात ठाण्यात पोचवा आणि पोच कोर्टात दाखवा. दोन तारखांना से आला नाही तर त्याशिवाय अर्ज निकाली काढण्याची विनंती करता येते.

दुसरी अडचण आरसीची. टीटी फॉर्मवर (मालकी बदलाच्या सही केलेल्या फॉर्मवर) घेतलेली, अजून नावावर न झालेली गाडी असेल तर कोर्ट सहसा आरसीवरच्या मालकालाच देते. त्याला अर्जदार करा किंवा त्याचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र आणा. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीही आपला अर्ज टाकू शकते. हप्ते भरलेले असतील तर खातेउतारा आधीच जोडा.

आदेशात साधारण अटी असतात त्या अशा: गाडीच्या किमतीएवढा सुपूर्तनामा (गाडी ताब्यात घेताना लिहून द्यायचं बंधपत्र), कधी एक जामीनदार, विकायची नाही, रंग वा रूप बदलायचं नाही, चारही बाजूंचे फोटो. जामीनदाराकडे सातबारा किंवा घरपट्टीची पावती लागते, काही कोर्टं सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला, मागतात. तो दाखला तहसीलमधून यायला वेळ लागतो, म्हणून आदेशाची वाट न बघता जामीनदार तयार ठेवा. रक्कम अवाच्या सवा वाटली तर त्याच कोर्टात अट शिथिल करण्याचा अर्ज टाका. अर्जच फेटाळला तर सत्र न्यायालयात पुनरीक्षण (रिव्हिजन) अर्ज.

ठाण्यात गाडी घेताना मुद्देमाल कारकून पावतीवर सही मागेल. आधी बोनेट उघडा, बॅटरी बघा, स्टेपनी मोजा. काही कमी असेल तर "सुस्थितीत मिळाली" खाली मुकाट सही करू नका, त्याच पावतीवर शेरा लिहा.

एक गोष्ट आधीच तपासून घ्या: एफआयआरमध्ये कोणता कायदा लावलाय? दारूच्या वाहतुकीला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमात गाडी सरकारजमा करण्याची वेगळी तरतूद आहे. तिथे मालकाला या कामासाठी गाडी वापरली जातेय हे माहीत नव्हतं, ही बाजू भक्कम मांडावी लागते. वाळूची गाडी तहसीलदाराने लावली असेल तर दंड आणि जातमुचलका महसूल अधिकाऱ्याकडेच. नुसता फौजदारी कोर्टाचा आदेश घेऊन गेलात तर गाडी हलणार नाही. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात गाडी सुटतच नाही असा समज होता, तो सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये विश्वजित डे प्रकरणात मोडून काढला. आणि नुसत्या कागदपत्रांसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 207 खाली गाडी अडवली असेल तर ती या सगळ्या प्रकारात येतच नाही. कागद दाखवून आणि दंड भरून तिथूनच सोडवा.

सुपूर्तनाम्यावर मिळालेली गाडी खटला संपेपर्यंत तुमच्याकडे फक्त ताब्यात असते. निकालात मुद्देमालाबाबत कलम 498 खाली आदेश होतो. आरोपी निर्दोष सुटला तरी त्या आदेशात "गाडी मूळ मालकाकडे कायम, बंधपत्र रद्द" अशी ओळ आहे का ते वाचा. नसेल तर त्याच कोर्टात अर्ज द्या, आणि तोवर गाडी विकायला काढू नका.